फाडलेला कोपरा

एकदा एक शिष्य स्वतःच्या नीटनेटकेपणावर फार खूश झाला, आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

तो ज्यांच्या हाताखाली शिकत होता ते वृद्ध गृहस्थ एका लहानशा पेठेच्या गावात राहत. गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांना नाद होता जुन्या चित्रकार्डांचा. एका बाजूला छायाचित्र, दुसऱ्या बाजूला पत्ता आणि चार ओळींची जागा, अशी ती पोस्टकार्डे. गावाचा इतिहास कोणी लिहून ठेवला नव्हता. नदीच्या घाटाला मूळच्या पायऱ्या किती, गुरांचा बाजार कुठे भरे, हे विचारायचे तर या कार्डांनाच. लोक म्हणत, म्हाताऱ्याने रद्दी साठवली आहे. आणि घराच्या हद्दीवरून भांडण निघाले की तीच रद्दी पाहायला दाराशी उभे राहत.

त्या वर्षी गुरुजींना एका पडक्या घराच्या माळ्यावरून अशा कार्डांचे मोठे गाठोडे मिळाले. त्यांनी ते निवडायला शिष्याकडे दिले. त्यात शिष्याला एक रत्न सापडले. पेठेतला मोठा रस्ता, कौलारू दुकान, दारात टांगलेला तराजू आणि गादीवर बसलेला पागोटेवाला माणूस. त्याचा चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा, पण हसरा. शिष्याने दुकान ओळखले. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानाला यंदा शंभर वर्षे होत होती, त्याचेच ते. व्यापारी कित्येक महिने असे एखादे चित्र शोधत होता.

त्याला ते हवे होते त्यालाही कारण होते. त्याचे आजोबा सावळारामशेट प्लेगच्या साली घर सोडून गेले ते परत आले नाहीत. सारे गाव तेव्हा माळावर झोपड्या घालून राहिले होते. बायकामुले झोपडीत टाकून हा गृहस्थ जीव वाचवायला पळाला, असे गावाने ठरवले. गावाने एकदा ठरवले की ब्रह्मदेवाचेही चालत नाही. तेव्हापासून दुकानाला नाव पडले 'पळपुट्यांचे दुकान'. पुढच्या दोन पिढ्यांनी सचोटीने धान्य विकूनही ते नाव पुसले गेले नव्हते. आता शंभरीला जुने चित्र भिंतीवर लागले, तर लोक निदान दुकानाच्या वयाविषयी बोलतील, एवढीच त्या बिचाऱ्याची आशा होती.

कार्डात खोट एकच होती. वरचा एक कोपरा गेलेला होता. उंदराने खाल्ला असेल, असे समजून शिष्याने तसाच जुना कागद शोधला, खळीने बेमालूम चिकटवला आणि आभाळाचा रंग जुळवून वरून हलका हात फिरवला. मग त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला.

व्यापारी आला. कार्ड पाहून त्याचे डोळे लकाकले. "वा! जणू कालच छापलंय," तो म्हणाला. शिष्य गुरुजींच्या शाबासकीची वाट पाहू लागला.

गुरुजींनी कार्ड हाती घेतले, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "हा कोपरा कुणी केला?"

"मीच केला, गुरुजी. ओळखूसुद्धा येत नाही ना?"

"वाटीत पाणी आण. आणि थोडा कापूस."

पाणी आले. गुरुजींनी कार्ड उलटे करून पाठ शेवटपर्यंत वाचली. मग ओला कापूस कोपऱ्यावर दाबून धरला आणि खळ सुटताच शिष्याची दोन दिवसांची मेहनत नखाने अलगद उचलून बाजूला ठेवली.

"अहो गुरुजी, हे काय केलंत!" व्यापारी उठून उभा राहिला. "धड होतं ते! आता भिंतीवर काय लावू मी?"

शिष्याचा चेहरा पडला. अपमान झाला तो झाला, वर पाहुण्यादेखत. तो पुटपुटला, "फाटलेलं होतं, म्हणून नीट केलं."

"फाटलेलं नव्हतं. फाडलेलं होतं," गुरुजी म्हणाले. "मागं काय लिहिलंय ते वाचलंस?"

"मोडी आहे. मला येत नाही."

"येत नाही हा काही गुन्हा नाही. पण हा कोपरा मोडी न येणाऱ्यासाठीच असायचा. मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून धाडत. कार्ड घेणाऱ्या माणसाला अक्षर येवो न येवो, कोपरा पाहिला की कळे. असलं कार्ड दाराबाहेरच वाचत आणि तिथंच फाडून टाकत. घरात कधी ठेवत नसत. आता तूच सांग, मग हे एवढी वर्षं राहिलं कसं?"

शिष्याने कार्डाच्या पाठीकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "कारण ते कुणी वाचलंच नाही."

"पत्ता या दुकानाचा आहे," गुरुजी व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले. "शिक्का प्लेगच्या सालचा. दुकानाला कुलूप, गाव माळावर. कार्ड गावात आलं आणि कुणाच्या हाती न पडता कुठल्याशा माळ्यावर गेलं. कसं, ते मला ठाऊक नाही. बसा शेट. हे तुमच्या घरचं टपाल आहे. वाचून दाखवतो."

व्यापारी बसला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि कुणा अनोळखी माणसाने लिहिलेले एकेक अक्षर सोडवत वाचले:

"सावळारामशेट झोपड्यांच्या छपरांसाठी लोखंडी पत्रे घेऊन परत निघाले होते. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत ताप भरला व काखेत गाठ आली. गाडी जोडून देतो म्हटले, तर नको म्हणाले. पोरे झोपडीत आहेत, हे दुखणे त्यांच्यात नेणार नाही, असे म्हणाले. आज सकाळी वारले. दुसरा कागद मिळाला नाही. हे कार्ड त्यांच्या खिशात होते, ते पडल्या पडल्या सारखे काढून पाहत, म्हणून यावरच लिहिले."

मग व्यापाऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे टिपले. "आमची आजी मरेपर्यंत कुंकू लावायची," तो म्हणाला. "म्हणायची, ते पळणाऱ्यातले नव्हेत. लोक तोंडावर हसायचे. आम्ही पोरंसुद्धा हसलो असू."

शिष्याला फार लाज वाटली. असल्या माणसाचा निरोप आपण रंग लावून बुजवत होतो, आणि वर शाबासकी मागत होतो!

गुरुजी त्याला म्हणाले, "अरे, तुझा हात चांगला आहे. पण जुनी वस्तू नवी करण्याआधी ती मोडली का, हे विचारावं. कधीकधी सांगायचं ते तिनं तिथंच सांगितलेलं असतं."

व्यापारी एकाएकी उठला. "गुरुजी, बातमी आज कळली. सुतक धरायचं का?"

"इतक्या वर्षांनी कळल्यावर अंघोळ केली की पुरे."

परसात विहीर होती. शिष्याने न सांगता पोहरा सोडला. व्यापारी सदऱ्याधोतरासकट खाली बसला, आणि शिष्याने एकामागून एक पोहरे त्याच्या डोक्यावर ओतले. आजोबांचे नाव व्यापाऱ्याच्या घरात कोणी मोठ्याने घेत नसे. व्यापाऱ्याने ते तीनदा घेतले, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असे.

ओलेत्यानेच तो ओसरीवर आला. हात कोरडे करून त्याने कार्ड उचलले. शिष्याचा जीव वरखाली झाला, कारण असे कार्ड पुन्हा मिळणार नव्हते.

"वाचून झालं की फाडायचं असतं, नाही का?" व्यापाऱ्याने विचारले.

"रीत तशी आहे," गुरुजी म्हणाले. "तुमचं टपाल, तुमची मर्जी."

व्यापाऱ्याने आजोबांच्या त्या मसुरीएवढ्या चेहऱ्याकडे पाहिले. कित्येक वर्षांत त्याच्या तोंडावर आले नव्हते असे हसू आले.

"मग घाई नाही," तो म्हणाला. "अजून सगळ्या गावाचं वाचून व्हायचंय."