नारोपंतांचं आमंत्रण

एकदा काय झालं, आणि झालं ते फार फार जुन्या काळी झालं, तेव्हा राजाचं नाव मला विचारू नका. एका नगराच्या मधोमध एक मोठं पटांगण होतं. वडाची सावली, बसायला दगडी पार आणि पारासमोर एक बुटका ओटा. ज्याला गाणं येई तो ओट्यावर गाई, ज्याला नाच येई तो नाचे, चित्रकार कडेच्या भिंतीवर चित्रं काढत. बाकीची मंडळी संध्याकाळी आपापलं उरलेलं काम घेऊन तिथं येत. कुणी शेंगा सोली, कुणी वाती वळी, कुणी दोर पिळत बसे, तर कुणी नुसताच पाय पसरून घोरे. हात कामात आणि कान गाण्यात. मोठं मजेत चाललं होतं बघा.

पटांगणाची देखरेख नारोपंत नावाच्या कारभाऱ्यांकडे होती. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण स्वभावाने भित्रा. त्या पटांगणावर त्यांचा फार जीव. सकाळी उठून आधी तिथला पाचोळा झाडायचे, मग घरचा पसारा बघायचे. बायको म्हणायची, तुमचं खरं घर तेच, इथं तुम्ही जेवायला येता.

एके दिवशी सेनापतींनी राजापुढे गाऱ्हाणं मांडलं. हत्ती वाढले, हत्तीखाना पुरत नाही, ते पटांगण मिळालं तर बरं होईल. नाहीतरी तिथं रिकामटेकडेच बसतात. राजाने नारोपंतांना निरोप धाडला, की पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही स्वतः येऊन बघू. लोकांना जागा हवी असेल तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं हत्ती बांधू.

नारोपंत घाबरले. राजासमोर लोक टरफलं पसरून बसले, एखादा घोरला, तर काय अब्रू राहील? त्यांनी ठरवलं, सगळं कसं झोकात करायचं. गालिचे आणले, लोड मांडले, गुलाबपाणी शिंपडलं. मग स्वतः घरोघरी जाऊन, लग्नाला देतात तशी अक्षत दिली आणि हात जोडून विनवलं, की पौर्णिमेला नक्की यायचं, मात्र कामंधामं घरी ठेवून यायचं.

झालं! सगळ्या नगरात नुसता गोंधळ उडाला. आजवर ज्या जागेसाठी कुणी साधी चप्पलही शोधली नव्हती, तिथं जायला आता नवं लुगडं हवं झालं. अक्षत आली म्हणजे आहेर न्यायला हवा, पण आहेर कुणाला करायचा ते कुणालाच कळेना. सोनारआळीत अक्षत आधी गेली म्हणून कासारआळी रुसली. एका घरी जावयाला वेगळं बोलावणं नव्हतं, त्या घराने तर दारच लावून घेतलं. आणि काम घरी ठेवून जायचं म्हटल्यावर उरलेल्यांना घरची कामं आठवली.

पौर्णिमेला पटांगणात चिटपाखरू नव्हतं. राजा आला, ओट्यावरची गाणारी बाई बिचारी जीव तोडून गायली. समोर नुसते लोड. गाणं संपल्यावर राजा हळूच म्हणाला, "नारोपंत, तुमचे लोड फार शांतपणे ऐकतात." सेनापती तोवर पावलं टाकून जागा मोजत होते.

दुसऱ्या दिवशी नारोपंतांनी गालिचे गुंडाळले, ज्याचे त्याला पोचवले आणि पारावर येऊन बसले. आपल्याच हाताने आपण पटांगण घालवलं, या विचाराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ऊन कललं तशी गोदाकाकू सुपात पावट्याच्या शेंगा घेऊन आली आणि नेहमीच्या जागी बसली.

"उरकलं का तुमचं लग्न?" तिने विचारलं.

नारोपंतांनी डोळे पुसून सगळी हकीकत सांगितली. हत्तींचं ऐकून काकूचे हात थांबले. मग ती रागावली. "एवढं सगळं पोटात ठेवून अक्षता कसल्या वाटत बसलात? आपल्याच अंगणात यायला आमंत्रण लागतं का कुणाला? आमंत्रण दिलंत, तिथंच आम्हाला परकं केलंत हो."

गालिचे उचललेले पाहून एकेक जण येतच होता. कासारआळी आली, सोनारआळी आली, रुसलेला जावईसुद्धा दोराचं भेंडोळं घेऊन आला. नारोपंतांनी कुणाला या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. काकूच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. गाणाऱ्या बाईने माणसं पाहिली आणि कुणी न सांगताच ओट्यावर चढली. काल तिचा जो आवाज कोरडा वाटला होता, तो आज असा लागला की घोरणारेही उठून बसले.

एवढ्यात राजा, सेनापती आणि मागे हत्तींची रांग आली. गाण्याच्या नादात कुणाचं लक्षच नव्हतं. गोदाकाकूने मान वर न करता समोरच्या पाहुण्याला सांगितलं, "बाबा, उभं राहून वारा अडवू नकोस. बस, आणि ह्या शेंगा सोल."

नारोपंत हातातल्या शेंगा टाकून धावले. पण राजा मुकाट्याने बसला. त्याला आजवर कुणी काम सांगितलंच नव्हतं. पहिल्या चार शेंगांचे दाणे उडाले, पाचवी जमली, आणि गडी असा खूश झाला की गाणं संपेपर्यंत उठला नाही.

मग त्याने सेनापतींना विचारलं, "हत्ती कुठं बांधायचे म्हणत होतात?"

सेनापतींनी चहूकडे पाहिलं. हत्तीचं एक पाऊल टेकेल एवढीही जागा रिकामी नव्हती. "नदीकाठी बांधू, महाराज," ते म्हणाले, आणि हत्ती वळले.

पटांगण राहिलं. नारोपंत रोज झाडलोट करत, संध्याकाळी दिवे लावत, पण पुन्हा कधी कुणाच्या दारी अक्षत घेऊन गेले नाहीत.

म्हणून लहानमोठ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: जी जागा सर्वांची असते, तिथं माणसाला पाहुणा करू नये, घरचा राहू द्यावं.