हौसाची पळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, बाळांनो. चिलारवाडीवर सालोसाल दुष्काळ पडला होता. विहिरीच्या तळाला बेडूकसुद्धा उरला नव्हता, असं म्हणतात. धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची आणि पोरं घरी पडून असायची. रडायचंसुद्धा बळ नव्हतं त्यांना.

मग सरकारला जाग आली. उशिरा आली, पण आली. मामलेदारानं चावडीपुढं मोठी हंडी चढवली आणि दवंडी पिटली, "पोरं आणा, सरकार जेवू घालणार आहे." एक पोर आलं नाही! सरकार पोरांना खाऊ घालणार नि गाड्यांत कोंबून घेऊन जाणार, अशी आवई उठली होती. आयांनी लेकरं रिकाम्या कणग्यांत दडवली. ज्या कणगीत जोंधळा असायचा, तिच्यात आता पोर. आणि रोज कुठल्या तरी कणगीतनं एखादं पोर गारच निघायचं. काय म्हणावं त्या दिवसांना!

गावात ठकूबाई नावाची सुईण होती. गावातली सगळी पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली. तिची स्वतःची एकच, हौसा. नवसानं झालेली, नवऱ्यामागं उरलेली तेवढीच. मामलेदार तिला म्हणाला, "बाई, गाव तुमचं ऐकतं. तुम्ही आणा पोरांना." ठकूबाईनं विचार केला, दुसरीचं लेकरू कुठल्या तोंडानं मागू? आधी आपलं बसवावं.

तिनं हौसाला कडेवर घेतलं आणि साऱ्या गावादेखत चुलीपाशी जाऊन बसली. सरकारी डाक्तरानं पळीभर पातळ पेज पुढं केली. "काही दिवस एवढंच," तो म्हणाला, "उपाशी पोट एकदम भरू नका." बायका दुरून कुजबुजल्या, "बघा गं सरकारची दानत! पाणी पाजतायत." ठकूबाईला ते लागलं. अहो, आपल्याकडं वाटसरूलासुद्धा शपथ घालून वाढतात, आणि पोटच्या पोरीला पळीभर पेज? डाक्तराची पाठ फिरली तशी तिनं खडीवाल्यांसाठी थापलेली भाकरी उचलली, आमटीत कुस्करली आणि घास भरवत सुटली. "अजून घे गं माझी बाय, अजून एक." हौसा हसली. त्या दुष्काळात हसलेलं ते पहिलं पोर, असं म्हणतात. उन्हं कलली तशा तिच्या पोटात कळा उठल्या आणि दिवेलागणीला पोर गेली.

गाव पेटलं. "सरकारनं विष घातलं!" म्हणत गडी काठ्या घेऊन हंडी फोडायला धावले. हंडी फुटती, तर कणग्यांतली पोरं कणग्यांतच राहिली असती. ठकूबाईनं नुसतं गप्प बसायचं होतं. सारं गाव तिच्या गळ्यात पडून रडलं असतं. पण ती उठली आणि हौसाला छातीशी धरून हंडीपुढं उभी राहिली.

"हंडीला हात लावायचा नाही. पेजेत काही नव्हतं. मी भाकरी चारली. माझ्याच हातानं गेली माझी हौसा."

"ठकू, काय बोलतीस हे!" पाटलीणबाई ओरडल्या.

"खरं तेच बोलतीय. तुमची पोरं ह्याच हातांनी जगात आणली ना मी? मग आज ऐका. पोरं आणा, आणि पळीभरच द्या. रडली, पाय आपटले, तरी पळीभरच."

कुणी थुंकलं, कुणी तिला लेकखाऊ म्हटलं. ती हलली नाही. शेवटी काठ्या खाली आल्या. सकाळी सगळ्यांत आधी पाटलीणबाई आल्या, कणगीतनं काढलेला नातू घेऊन.

लेकीला माती देऊन ठकूबाई तशीच हंडीपाशी बसली. असं म्हणतात, पुढं ती हंडी कधी तळाला गेली नाही. घास जास्त व्हायला लागला की पळी आपोआप जड व्हायची, असंही म्हणतात. भर उन्हात तिच्या मागून तिचा पदर धरून एक लहानशी सावली चालायची, ती तर कितीकांनी पाहिली. तरीही काही पोरं गेलीच, खोटं कशाला बोलू? पण बरीच जगली, आणि आपण त्यांचेच वंशज. ठकूबाईनं मात्र पुढं जन्मात भाकरीला तोंड लावलं नाही.

अजून चिलारवाडीत पूर येवो की दुष्काळ पडो, सरकारी मदतीची गाडी आली की गाव मोठ्या साहेबालाही थांबवतं. आधी चावडीपुढं हंडी चढते, आधी पोरांना पेज, मग बाकीचं. पहिली पळी हौसाची, ती मातीत ओततात. आणि एरवी पाहुण्याला ताटावरनं उठू न देणारं हे गाव त्या दिवशी कुणालाच 'अजून घे' म्हणत नाही. पोर रिकामी वाटी पुढं करतं आणि आई तोंड फिरवते.