अनसूयेची दाढ आणि सखाहरीचं ऐकणं

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा कोष्टी होता. त्याला जे सांगाल ते तो मनापासून करायचा. घोटाळा व्हायचा तो तिथेच.

त्याची बायको अनसूया. मांडीवर तान्ही मुलगी आणि तोंडात किडलेली दाढ. गाल सुजून टम्म झाला, तेव्हा दोघं तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर औषध लिहायला लागले, तेवढ्यात मुलगी रडली. डॉक्टर सखाहरीवर चिडले. बाई अंगावर पाजते हे आधी सांगायचं, औषध त्याप्रमाणे द्यावं लागतं. मग त्यांनी तिला चालेल असं औषध दिलं. सूज उतरली की दाढ काढू, येताना मुलीला पोटभर पाजून आणा, असंही सांगितलं.

आधी सांगायचं, ही सखाहरीने खूणगाठ बांधली. परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं? सखाहरी म्हणाला, "ते मागनं. आधी हे ऐका, आमची बायको अंगावर पाजती."

अख्खी गाडी वळून बघायला लागली. अनसूयेने पदर नाकापर्यंत ओढला. घरी आल्यावर तिने नवऱ्याला बजावलं, की गाडीत कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

सूज उतरली. मुलीला पाजून दोघं पुन्हा एसटीत बसली. अनसूया गाल धरून, डोळे मिटून बसली होती. तालुका आला. सखाहरीला तो स्पष्ट दिसला. पण कुणी विचारलंच नाही, म्हणून तो गप्प राहिला. तालुका गेला. पुढच्या गावाहून उलटं येईपर्यंत पाजलेलं केव्हाच जिरलं होतं. मुलगी झोपली होती म्हणून बरं. अनसूया वैतागून म्हणाली, "आवं, समोर दिसलं की वरडून सांगायचं."

दवाखान्यात डॉक्टरांनी पक्कड उचलली. ती सखाहरीला समोरच दिसली.

"पक्कड आली!" तो ओरडला.

बाकावरचे पेशंट चपला टाकून पळाले. मुलगी दचकून उठली आणि तिने टाहो फोडला. डॉक्टरांनी बापलेकीला बाहेर बसवलं. पण मनाने चांगला माणूस, दारातून समजावलं, की सुईने नुसती दाढेची जागा बधिर होते, दुधाला काही होत नाही. "बाई शुद्धीवर असली, बोलत असली, की लगेच पाजू दे."

दाढ निघाली. डॉक्टरांनी जखमेवर कापूस ठेवला आणि अनसूयेला तो दातांखाली घट्ट दाबून धरायला सांगितलं. ती बाहेर आली आणि तिने मुलीसाठी हात पसरले. सखाहरी मागे सरकला.

"शुद्धीवर हायेस का?"

तिने मान हलवली.

"मग बोल."

"ऊं."

"ऊं म्हंजे बोलणं न्हवं."

मुलगी रडून लालबुंद झाली. पान्हा फुटून अनसूयेचं पोलकं भिजलं, डोळ्यांत पाणी आलं. सखाहरीला दोघींची फार दया आली. पण डॉक्टरांचा शब्द मोडला आणि लेकराला काही झालं तर? शुद्धीवर आहे आणि बोलतंय, असं दुसरं कुणी मिळतंय का, ते तो बघू लागला.

मिळालं. तो तडक आत गेला आणि त्याने मुलगी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली.

"डॉक्टरसायेब, तुमी शुद्धीवर हायसा, मघापासनं बोलताय बी. पाजा हिला. लाज वाटत आसंल, तर मी टावेलचा आडोसा धरतो."