मधला ठिपका

नदीला पूल नव्हता, पलीकडं जायचं तर नावेनंच जायचं, त्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आंबेघोळची नाव जत्रेहून परतताना उलटली. सतरा जण बुडाले. सोळा सापडले. ठकूबाईची लेक मैना तेवढी सापडली नाही.

गावाला सुतक लागलं. कुणाच्या दारात रांगोळी पडेना. तेराव्या दिवशी ठकूबाई रांगोळीचा डबा घेऊन घाटावर बसली. तिनं सोळा ठिपके गोल दिले, एक मधे. मग एकच रेघ कुठं न तोडता सोळांना वळसे देत फिरवली, आणि कमळ झालं. मधला ठिपका तिनं सुटाच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच ठिपक्यांतून चक्र निघालं, तिसऱ्या दिवशी चांदणी. बारा वर्षं तिनं एक आकृती दुसऱ्यांदा काढली नाही, आणि पूर आला तरी पाणी त्या पायरीला शिवलं नाही, असं म्हणतात.

शेजारची साळू तिला रोज भाकरी नेऊन द्यायची. एकदा न राहवून ती म्हणाली, "ठकूबाय, जोड गं तेवढा ठिपका. पोरीला मोकळं कर."

"घावली की जोडीन," ठकूबाई म्हणाली. "तवर ती वाटंवर हाय."

साळूच्या मनात पाप नव्हतं. वेडी माया, दुसरं काय! एका सकाळी ठकूबाई देवळात दिवा लावायला गेली, आणि साळूनं चिमूटभर रांगोळी घेऊन मधला ठिपका जोडून टाकला. वाटलं, एकदाची रडेल आणि सुटेल.

ठकूबाई परत आली. तिनं रांगोळी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. बारा वर्षांत साळूनं तो तसा पाहिला नव्हता.

"घावली? कुठं हाय?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण साळूची वाचाच बसली. ठकूबाई लेकीला हाका मारत पायऱ्या उतरली आणि पाण्यावरून चालत गेली. पावलागणिक पाण्यावर पांढरा ठिपका उमटत होता, असं म्हणतात. नदीच्या मधोमध ठिपके थांबले. तीही सापडली नाही.

अजून त्या तिथीला आंबेघोळच्या बायका घाटावर आकृती काढतात, दरसाल नवी. मधे आता दोन सुटे ठिपके असतात, अगदी जवळजवळ. ते साळूच्या घरच्या सुनेनं द्यायचे, आणि नदीकडं तोंड करून मोठ्यानं सांगायचं, "घावली नाही गं, ठकूबाय."