डाळिंबी गाडी आणि तिचे आशीर्वाद

एकदा एक ज्ञानी वृद्ध होता. ज्ञानी आहे असं लोक म्हणत. तो स्वतः काही म्हणत नसे, कारण लोक भेटायला येत तेव्हा नेमकी त्याच्या तोंडात मिश्री असे. आणि ज्ञान तरी कशातलं? गावातल्या निम्म्या लोकांना त्याने मोटार चालवायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना रस्ता सोडून उभं राहायला. गाव त्याला आप्पा म्हणे.

त्याच गावात भांड्यांचा एक व्यापारी राहत असे. त्याच्याकडे डाळिंबी रंगाची मोटार होती. तिच्यावर त्याचं प्रेम होतं असं म्हणतात. मला विचाराल तर पहारा होता. हिवाळ्यात दर रविवारी, शहाणी माणसं शेकोटीला पाठ करून बसलेली असताना, हा अंगणात कानाला मफलर गुंडाळून गाडी धुवायला उभा. जन्म पातेली विकण्यात गेला, त्यामुळे मोटार म्हणजे त्याच्या लेखी चाकं लावलेलं मोठं पातेलं. दुकानातलीच पावडर, दुकानातलाच काथ्या. असा घासायचा की उन्हात टपावर गोल गोल वर्तुळं उमटलेली दिसत. त्याला तो ओरखडे म्हणत नसे, झळाळी म्हणे. आणि घासता घासता येणाऱ्याजाणाऱ्याला बजावे, "हिला आजवर एक ओरखडा नाही. ज्या दिवशी पहिला पडेल, त्या दिवशी किल्ली तिजोरीत."

'तिजोरीत' म्हणताना तो बायकोकडे बघे. बायकोचं नाव महानंदा. ती आप्पांची शिष्या. त्यांच्या खटारा जीपवर शिकून तिने लायसन काढलं होतं. मोटार चालवणं ही तिच्या आयुष्यातली अशी एकच गोष्ट होती जी तिला कुणी कर म्हणून सांगितलेली नव्हती. ती किल्ली गेली असती तर पुन्हा मागायचं धाडस आपल्याला व्हायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर झालं असं, की व्यापारी लातूरला भाच्याच्या लग्नाला गेला. गाडी नेली नाही; लग्नातली वऱ्हाडी मंडळी गाडीला टेकून उभी राहतात, हे कारण. इकडे महानंदाने सासूला शेजारी बसवलं आणि गाडी थेट माहेरच्या शेतावर, हुरडा खायला. दवाखाना नाही, देवदर्शन नाही, कुणी आजारी नाही. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, वर दही, आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या. येताना शेताच्या दगडी खांबाला डावी बाजू घासली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पांढरा पट्टा.

"मी सांगणार होते डावीकडं बघ म्हणून," सासूबाई म्हणाल्या, "पण तोंडात हुरडा होता."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने व्यापारी परतणार. सकाळी उठल्याबरोबर महानंदा आप्पांच्या दारात.

"आप्पा, काहीतरी करा. पट्टा दिसता कामा नये."

आप्पांनी मिश्री थुंकली, चूळ भरली आणि येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. पट्ट्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"आधी धुवू," ते म्हणाले.

"अहो, पट्टा..."

"मळक्या गाडीवर पट्टा कसा बघू? धू."

हिवाळ्यातलं टाकीतलं पाणी. बादलीत हात घातला की आपल्याला बोटं आहेत हे विसरायला होतं. आप्पांनी काथ्या कुंपणापलीकडे फेकला, पावडर उचलून स्वैपाकघरात पाठवली, शाम्पू मागवला आणि स्वतःचं जुनं मऊ धोतर फाडून दोन फडकी केली. वरून खाली, आधी टप, मग काचा, चाकं सगळ्यात शेवटी. फटीतली माती काढायला दात घासायचा जुना ब्रश. महानंदा अधूनमधून फडकं घेऊन डाव्या बाजूला सरके, की आप्पा हाक मारत, "उजवं चाक राहिलं." उजवं चाक झालं की डिकी. डिकी झाली की नंबरप्लेट. पॉलिशची डबी थंडीने दगड झालेली, ती उन्हात ठेवली. सासूबाई पायरीवर शाल पांघरून चहा पीत सगळ्यांना सूचना देत होत्या. असं काम प्रत्येक घरात एक जण करतोच, तुमच्या घरात तुम्हीच करत असाल.

"आई, कढत पाणी काढा थोडं," आप्पा सासूबाईंना म्हणाले.

महानंदाला वाटलं, आपल्या बोटांची दया आली. तिने हात पुढे केले. आप्पांनी तिचे हात बाजूला सारले, फडकं कढत पाण्यात बुडवून पिळलं आणि मागच्या बंपरवर दाबून धरलं. तिथे मोठं स्टिकर होतं. 'आईचा आशीर्वाद', सोनेरी अक्षरांत, बाजूला दोन फुलं.

हे एकच नव्हतं. गाडीवर स्टिकरांची जत्राच होती. उजव्या दारावर धावता घोडा, पुढच्या कोपऱ्यावर पंख पसरलेला गरुड, मागच्या चाकाच्या कमानीवर कमळ. आप्पा एकेकाला शेकत, कोपरा नखाने उचलत आणि अलगद सोलून काढत. राहिलेल्या चिकटावर खोबरेल तेल चोळत.

"आप्पा, काय करताय तुम्ही?" महानंदाचा आवाज चिरकला. "मी एक झाकायला बोलावलं, तुम्ही आहे ते उघडं करताय?"

"आई," आप्पा सासूबाईंना म्हणाले, "तुमचा आशीर्वाद काढला. राग नाही ना?"

"मला कुठं विचारलं होतं लावताना," सासूबाई म्हणाल्या आणि पेल्यातला उरलेला चहा संपवला.

आशीर्वादाखाली बंपरला चांगला वाटीएवढा खड्डा होता. घोड्याखाली लांबच लांब ओरखडा. गरुडाखाली रंग उडून पत्रा दिसत होता. कमळाखाली काय होतं ते सांगत नाही. पण चिखलात उगवलेलं नव्हतं, एवढं सांगतो. महानंदा ओल्या हातांनी तशीच बघत राहिली. इतकी वर्षं ती गाडीत बसत होती आणि तिला आपला नवरा घोड्यांचा शौकीन वाटत होता.

मग आप्पांनी पॉलिश लावलं. खड्ड्यांवर, ओरखड्यांवर आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावरही, सारख्याच मायेने. धोतराच्या कोरड्या फडक्याने गोल गोल न फिरवता सरळ पुसून घेतलं. गाडी अशी लखलखली की अंगणातली तुळस तिच्यात दिसली. आणि त्या लखलखाटात एकूण एक व्रण ओरडून बोलू लागला.

दुपारी व्यापारी आला. डोक्यावर लग्नातला फेटा, हातात बुंदीचा पुडा. फाटकातूनच गाडी पाहून त्याचा चेहरा उजळला. मग तो जवळ आला, आणि उजेड हळूहळू उतरला.

"स्टिकरं कुणी काढली?"

"मी," आप्पा म्हणाले.

तो उजव्या बाजूने गेला; घोड्याच्या जागी नजर न थांबवता पुढे सरकला. गरुडापाशी खोकला. मग डावीकडे आला आणि थांबला. हा ओरखडा मात्र त्याच्या ओळखीचा नव्हता.

"हे काय?"

"शेताचा खांब," महानंदा म्हणाली. "काल."

"शेतात काय होतं?"

"हुरडा."

"हुरड्यासाठी गाडी नेलीस?"

"हो."

व्यापाऱ्याने हात पुढे केला. "किल्ली."

महानंदाने कमरेला खोचलेली किल्ली चाचपली. सकाळपासून ती हाच क्षण टाळायला थंड पाण्यात हात घालत होती. तिने वर पाहिलं.

"नाही देत."

पायरीवर सासूबाईंनी पेला खाली ठेवला. व्यापाऱ्याने आप्पांकडे पाहिलं, शिष्येला समजवा अशा अर्थाने. तो विसरला होता की स्वतःही त्यांचाच शिष्य होता. तो गाडी शिकला तेव्हापासून फाटकाचा उजवा खांब कलता आहे.

आप्पा सावकाश बोलले. "बाबा रे, गाडी रस्त्यावर आली की कुठेतरी घासणार. ज्याची घासली नाही, त्याने ती बाहेर काढली नाही, नाहीतर त्याला स्टिकरं चिकटवता येतात. तू चालवायला शिकलास तेव्हा तुझी घासली, आणि तुझ्या प्रत्येक चुकीवर तू एकेक देखणा पहारेकरी बसवलास. हिची एकदा घासली तर हिला तिजोरी. हा न्याय मी शिकवलेला नाही. एक तर दोघांच्या किल्ल्या आत टाक, नाहीतर दोघांचे ओरखडे उन्हात राहू देत." मग ते महानंदाकडे वळले. "आणि तू. तुझा पट्टा मी बुजवून दिला असता, तर किल्ली वाचली असती. पण उद्यापासून तू खांब बघून गाडी चालवली नसतीस, नवऱ्याचं तोंड बघून चालवली असतीस. आणि असं चालवणारा पुन्हा घासतोच."

व्यापारी घरात गेला. बराच वेळ कपाट धुंडाळल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा फेटा उतरवलेला होता आणि हातात एक कोरं, न सोललेलं स्टिकर होतं. हंसांची जोडी, चांगली लांब मानेची. त्याने ते बायकोसमोर धरलं. त्याच्या परीने ती फार मोठी माघार होती. आपला जपून ठेवलेला साठा त्याने आजवर कुणालाही दाखवलेला नव्हता.

"हे लाव. बरोबर बसेल. कुणाला कळणार नाही."

महानंदाने हंस पाहिले. सुंदर होते. सकाळी मिळाले असते तर तिने दोन्ही हातांनी घेतले असते.

"नको," ती म्हणाली.

"लोक विचारतील."

"विचारू देत. महानंदा हुरडा खायला गेली होती म्हणून सांगा."

तिने दार उघडलं, आत बसली आणि गाडी सुरू केली. थंडीत पहिल्या झटक्यात सुरू झाली, हे तिचं नशीब. व्यापारी हंस घेऊन तसाच उभा. बंपरवरच्या खड्ड्याकडे त्याने एकदा पाहिलं, आता झाकण्याजोगं काही उरलेलं नव्हतं. त्याने हंसांची घडी घालून खिशात कोंबली आणि खिडकीपाशी वाकला.

"अगं, शेतात अजून हुरडा आहे का?"

"आहे की."

तो वळसा घालून पलीकडे गेला. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतः बसायला आपल्या गाडीचं डावं दार उघडलं. पांढऱ्या पट्ट्यावर त्याचा तळवा क्षणभर टेकला आणि तो मुकाट्याने आत बसला.