सँडरिगची धुक्यातली घंटा

सँडरिगच्या चर्चची घंटा लग्नाला वाजत नाही, नाताळला वाजत नाही, नवा राजा गादीवर बसला तरी वाजत नाही. ती वाजते फक्त धुकं उतरलं की. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या या गावात कोणी पाहुणे आले, की चर्च सांभाळणाऱ्या वृद्ध मिसेस टायसन त्यांना मनोऱ्याखाली उभं करून जोसाया क्रॅगची हकीकत सांगतात.

तीनशे वर्षांपूर्वी, म्हणे, इंग्लंडचं सैन्य फ्रान्सशी लढायला दूर फ्लँडर्सला गेलं होतं आणि इथे घरोघरी दुसरीच लढाई जुंपली होती. व्हिग पक्षाचे लोक म्हणत, फ्रान्सची खोड मोडेपर्यंत थांबायचं नाही. विरोधी टोरी पक्षाचे म्हणत, परक्या भूमीवरच्या लढाईपायी आमच्या जमिनींवर कर का? तोफा तिकडे, डोकी फुटायची ती इथल्या गुत्त्यात. लोहार व्हिग असला तर टोरी त्याच्याकडे घोड्याला नालसुद्धा ठोकून घेत नसत.

जोसाया घंटा वाजवणारा, आणि हाडाचा व्हिग. एकुलत्या एक मुलाला, एड्मंडला, त्यानेच लढाईवर धाडलं होतं. विजयाची बातमी आली की तो हाताला फोड येईपर्यंत दोर ओढी. घंटेचं मूळ काम मात्र निराळं होतं. ओहोटीला खाडीतली वाळू उघडी पडे आणि पलीकडची माणसं त्या वाटेने गावात येत. धुक्यात वाट चुकली तर भरती गाठायची, म्हणून घंटेच्या रोखाने चालायचं.

पुढे टोरींचं सरकार आलं आणि त्याने फ्रान्सशी तह केला. गावातले टोरी मनोऱ्याखाली जमले आणि 'घंटा वाजवा, घंटा वाजवा' म्हणून दिवसभर ओरडत राहिले. आता मुलगा परत येईल, या आनंदापेक्षा आपला पक्ष हरला हे दुःख जोसायाला मोठं वाटलं. त्याने मनोऱ्याला आतून कडी घातली.

दिवस कलताना धुकं उतरलं. त्याची बायको मार्था दाराशी आली.

"अहो, वाळूवर कोणी असलं तर?"

"आज घंटा वाजली तर ती तहाचीच म्हणतील. मग मी कुणाला तोंड दाखवू?"

ती हात चोळत परत गेली. जरा वेळाने धुक्यातून पुन्हा हाक आली, 'घंटा वाजवा!' लांबून आली, मग आणखी लांबून. मेल्यांचा घसा अजून बसला नाही, असं पुटपुटत जोसायाने टोपी कानांवर ओढली. टोरी तर केव्हाच गुत्त्यात जाऊन बसले होते.

सकाळच्या ओहोटीला एड्मंड सापडला. अंगात पलटणीचा लाल कोट तसाच होता. तहाचं ठरताच त्याची पलटण मोडली होती, आणि आईला लवकर भेटावं म्हणून त्याने वाळूची वाट धरली होती.

त्याच्या मातीलाही व्हिग एका अंगाला बसले, टोरी दुसऱ्या. मार्था नवऱ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. जोसायाने शपथ घेतली, ही घंटा यापुढे कुणाच्या विजयाला वाजणार नाही आणि कुणाच्या तहालाही नाही. मरेपर्यंत प्रत्येक धुक्यात तो दोर ओढत राहिला, असं सांगतात. त्यामुळे त्याला काही शांती मिळाली, असं मात्र कोणी सांगत नाही.

आजही धुकं उतरलं की गावकरी पाळीपाळीने दोर धरतात. खाडीवर पूल होऊन कैक वर्षं झाली, वाळूवरून आता कोणी येत नाही. मग वाजवता कशाला, असं पाहुणे विचारतात.

"वाजवली नाही," मिसेस टायसन म्हणतात, "तर हाका ऐकू येतात."