विझवलेला धूप

एका सकाळी एका शहरात एका मुलीने चांगले दूध मोरीत ओतून दिले. "नासलंय," ती म्हणाली.

"ताई, माझी म्हैस बदनाम करू नका! आधी चाखून बघा!" दूधवाला उसळला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने पातेले नाकाशी नेले आणि ती दचकलीच. दूध ताजे होते. वास खिडकीतून येत होता!

वस्तीमागे हाडे चुन्यात भिजवून, उकडून सरस, म्हणजे चिकटवायची खळ, बनवणारा कारखाना होता. मुलीची आई नुकतीच मोठ्या आजारातून उठली होती. वास आला की हातातला घास ती पुन्हा ताटात ठेवी. महिनाभरात आई निम्मी झाली.

मुलीने महापालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी साहेब येणार म्हणताच गल्लीत लगीनघाई उडाली. सडे पडले, दारोदारी धूप लागले, शेजारच्या सुलभाकाकूंनी वेलदोड्याचा चहा टाकला. साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "वा! देवळात आल्यासारखं वाटतंय," म्हणाले, आणि कागदावर लिहून गेले : दुर्गंध आढळला नाही.

मुलगी रडवेली होऊन गुरुजींकडे धावली. त्या वृद्धाने आयुष्यभर अत्तरे पारखली होती, आणि ती त्यांच्याकडे तीच विद्या शिकत होती.

"खोटारडे आहेत ते साहेब!" ती म्हणाली.

गुरुजी उठले. तांब्या घेऊन ते गल्लीत आले आणि घरोघरचा धूप पाण्याने विझवू लागले!

"अहो गुरुजी, या वयात हे काय भलतंच?" काकू ओरडल्या. "पेटता धूप विझवता?"

मुलगी शरमून गेली. गुरुजी तिच्याकडे वळले. "बाळ, अत्तर पारखायला बसताना मी तुला गजरा काढून ठेवायला का सांगतो?"

"फुलांपुढे अत्तर कळत नाही म्हणून."

"मग? तुम्ही साहेबांना पाहुणा मानलंत. पाहुण्यापुढे आपण घरातला त्रास झाकतो. ते तर साक्षीदार म्हणून आले होते! आणि वास काही त्यांची वाट बघत थांबत नाही, वाऱ्याबरोबर निघून जातो. म्हणून तो असतानाच त्याला शब्दांत धरायचं. नुसतं 'घाण येते' म्हटलंस, तर तो तुझा राग झाला. वास कसला, किती वाजता, वारा कुठून, हे सांग."

काकूंनी उरलेला धूप स्वतःच विझवला. "चहासुद्धा टाकायचा नाही का हो?"

"टाका की," गुरुजी हसले, "पण साहेबांनी वास घेतल्यावर!"

मग अकरा घरांच्या कॅलेंडरांवर वेळा उमटू लागल्या. दोरीवरचे कपडे कोणीकडे उडत होते, तेही. नवव्या दिवशी सगळ्यांनी कॅलेंडरे शेजारी शेजारी मांडली आणि काय आश्चर्य! वेळा जुळत होत्या. सकाळी सात ते आठ, वारा कारखान्याकडून.

दहाव्या दिवशी सातच्या आधीच मुलगी फोन घेऊन गच्चीवर उभी होती. साड्या फडफडल्या, वळल्या... आला! उकडलेली हाडे, आणि त्यामागे ओल्या चुन्याची तिखट धार. आज तिला तो नीट ओळखता आला.

तिने महापालिकेचा तक्रार क्रमांक लावला. घंटी वाजत राहिली. खाली आईने ताट सरकवल्याचा आवाज आला. घंटी वाजतच होती. तिने फोन कानावर आणखी घट्ट दाबला, आणि पलीकडून कोणीतरी म्हणाले,

"बोला ताई. आत्ता येतोय का वास?"